पाणी जिथं थांबायचं

पागोळ्या

धनकवडीतल्या आमच्या जुन्या घरावर कौलं होती. वळवाची पहिली सर आली की मिनिट-दोन मिनिटं वळचणीखाली काहीच पडायचं नाही. तापलेली कौलं आधी आपली तहान भागवून घ्यायची. मातीचा वास अंगणाच्या आधी घरातच, आढ्याकडून यायचा. मग एकेक पागोळी धरायची आणि गेल्या वर्षी जिथं पडली होती तिथंच पडायची. घराच्या कडेनं ओळीनं वाटीएवढे खळगे झालेले असत, त्यांत बारीक खडे धुऊन निघालेले. सर थांबली तरी ठिबकणं बराच वेळ चालू राहायचं. आजी उंबऱ्याशी बसून म्हणायची, "पागुळ्या सरल्या न्हाईत अजून, कुठं निघालास?" पाऊस गेला की नाही हे ती आभाळाकडं बघून ठरवायची नाही, पागोळ्यांकडं बघून ठरवायची.

आता त्या जागी चार मजली इमारत आहे. गच्चीवरचं पाणी चार इंची पाइपातून उतरतं, पाइप चेंबरमध्ये, चेंबर पावसाळी गटाराला, गटार ओढ्याला. एका गुंठ्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की साधारण 1,000 लिटर पाणी होतं. एकरभर गच्च्यांवर 40,000 लिटर, म्हणजे मोठे चार टँकर. कौलांवरचं पाणी खळग्यात पोचायच्या आत हे पाणी ओढ्याला लागलेलं असतं.

मी एक यादी करतो आहे. कात्रजच्या डोंगरावर पडलेलं पाणी आंबिल ओढ्यानं मुठेला जाऊन मिळतं. त्या वाटेवर ते ज्या ज्या ठिकाणी थांबायचं, अडखळायचं, मुरायचं, त्या ठिकाणांची ही यादी. पाऊस तेव्हा पडायचा तसाच आताही पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पडतो. गेलं ते पाण्याचं थांबणं. यादी डोंगरावरून खाली यायला हवी होती, पण मला आधी घर आठवलं.

अंगण

शेणानं सारवलेलं, जरा उताराचं. न्हाणीचं पाणी अळवाला आणि कर्दळीला. नंतर कोबा झाला, मग शहाबादी फरशी, मग इमारत उभी राहिल्यावर पेव्हिंग ब्लॉक. ब्लॉकच्या फटींतून थोडं तरी पाणी वाळूत उतरायचं. फटींत गवत उगवायचं, चिखल व्हायचा, दुचाक्या घसरायच्या. एका वर्षी सोसायटीच्या सभेत सगळं आवार काँक्रीटचं करायचा ठराव आला. तक्रारी खऱ्या होत्या. एक आजोबा पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

कुसळी

डोंगरावर झाडं विरळच होती, गवत दाट होतं. कुसळी, पवन्या, मारवेल. दिवाळीनंतर त्यातून चालून आलं की विजारीतली कुसळं काढायला संध्याकाळ जायची. पावसात डोंगरावर उभं राहिलं तर पाणी वाहताना दिसायचं नाही. पायाखाली नुसतं ओलं, भरल्यासारखं लागायचं. थेंब पात्यावर, पात्यावरून बुंध्याशी, बुंध्याशी सुकलेल्या गेल्या वर्षीच्या काड्यांचा थर, त्याखाली मुळं. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर मग माती.

आता डोंगराच्या खांद्यापर्यंत प्लॉट आहेत. जिथं बांधकाम नाही तिथंही जेसीबीनं रस्ता ओरबाडून ठेवलेला असतो. उघड्या पडलेल्या मातीवर दोन-तीन सरी बसल्या की तिच्यावर पापडी धरते, आणि पापडीवरून पाणी फरशीवरून जावं तसं जातं. 2013च्या जूनमध्ये कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडं, डोंगर फोडलेल्या जागेकडून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहानगी मुलगी वाहून गेली. त्या अंगाचं पाणी आमच्या ओढ्याचं नव्हे, ते पलीकडं निरेच्या खोऱ्यात उतरतं. तऱ्हा मात्र हीच.

मुरूम

या यादीतली सगळ्यांत मोठी जागा ही, आणि सगळ्यांत न दिसणारी.

पुण्याखाली लाव्हाचे थर आहेत, भाकरींची चवड असावी तसे, एकावर एक. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळा कातळ. त्यात पाणी शिरायचं तर चिरेतूनच. वरचा भाग मात्र जाळीदार, झिजलेला. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याही वर, हवापाण्यानं कुजून भुगा झालेला मुरूम. हातात घेऊन दाबला तर चुरतो. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि हळूहळू खाली मांजऱ्याकडं सोडतो. दोन थरांच्या मधे कुठं कुठं तांबड्या गेरूसारखी पट्टी असते. तिच्यातून पाणी सहसा खाली उतरत नाही. ते तिच्यावरून आडवं चालत जातं आणि डोंगराच्या अंगावर जिथं वाट मिळेल तिथं बाहेर येतं. तो झरा.

लहानपणी आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसायचं की फेब्रुवारीत सगळा डोंगर पिवळा पडलेला असताना अर्ध्या उंचीवर एक हिरवी रेघ आडवी गेलेली आहे. करंज, उंबर, मधूनच एखादी शेवाळलेली कपार. गुरं त्या रेघेकडं आपणहून चढायची. आजोबा म्हणायचे, डोंगराचा करगोटा. त्या रेघेतल्या एका कपारीत कुणीतरी फार पूर्वी दगडात हातभर लांबीचं टाकं कोरलेलं होतं. त्यातलं पाणी ओंजळीनं उपसलं तरी थोड्या वेळात परत तेवढंच व्हायचं. पाणी येताना दिसायचं नाही. टाक्याच्या तळाशी दोन-तीन वाळूचे कण मात्र सतत हलत असायचे. आम्ही पालथे पडून ते कण बघत बसायचो.

जूनमध्ये पडलेलं पाणी तिथं फेब्रुवारीत बाहेर येत होतं. ते आठ महिने मुरमात आणि मांजऱ्यात होतं. ओढा होळीपर्यंत वाहायचा तो या पाण्यावर. पाऊस दसऱ्याला संपलेला असायचा.

इमारतीचा पाया खणताना सगळ्यांत आधी जातो तो मुरूम. पोकलेन येतं, दोन दिवसांत दोन मजले खोल खड्डा होतो, खाली कातळ लागला की ब्रेकर धडधडायला लागतो. निघालेला मुरूम डंपरनं जातो. कुठं जातो ते बघायला मी एकदा दुचाकीवरून डंपरच्या मागं गेलो. तो ओढ्याच्याच काठी, सखल जागेवर भराव म्हणून पडत होता. वर जे पाणी धरत होतं ते खाली पाण्याची वाट बुजवायला वापरलं जात होतं. त्या दिवसापासून ही यादी डोक्यात आहे.

ताल

डोंगराच्या पायथ्याची शेतं उताराची. माती वाहून जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला दगडांची ताल घातलेली असायची. बिनचुन्याची, नुसते दगड एकात एक बसवलेले. ताल रचणं हे उन्हाळ्याचं काम. आजोबा दगड हातात घेऊन फिरवत, एखादा नाकारत, बाजूला ठेवत, पुन्हा तोच उचलत. ताल पाणी अडवायची नाही, फक्त खोळंबवायची. गाळ वर राहायचा, पाणी दगडांच्या फटींतून निवळून खालच्या वावरात उतरायचं. तिथं पुन्हा दुसरी ताल. अशा आठ-दहा ताली उतरून पाणी ओढ्याला लागेपर्यंत त्याचा रंग गेलेला असायचा.

हे शहाणपण पुण्याला नवं नाही. 1972च्या दुष्काळानंतर पुण्यातलेच उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरच्या नायगावात गेले. उजाड उतारावर बांध, ताली, पाझर तलाव करून, माणशी पाण्याचा हक्क ठरवून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. नायगाव कात्रजच्या डोंगरापलीकडच्याच तालुक्यात. पळतं पाणी चालतं करायचं, चालतं थांबतं करायचं आणि थांबतं मुरतं करायचं, हे पाणलोटाचं काम करणारा कुठलाही माणूस सांगतो. नायगावच्या माणसांनी ते टिकाव-फावड्यानं केलं. आम्ही अलीकडच्या उतारावर, आजोबांनी रचून ठेवलेलं, एका दुपारी सपाट केलं. प्लॉट पाडताना ताल मोजणीत येत नाही. सातबाऱ्यावर तिचा रकाना नसतो.

आमच्या तालीचे दगड मी ओळखले असते. ते कम्पाउंडच्या पायात गेले.

ओहोळ

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशात कात्रज 47एफ/15 या पानावर येतं. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. या नकाशांत बारमाही पाणी निळं आणि पावसाळी ओढे काळ्या रेघेनं काढलेले असतात. डोंगरावरून उतरणाऱ्या काळ्या रेघा पानाच्या शिरांसारख्या दिसतात. अगदी टोकाच्या रेघेला दुसरी कुठलीच रेघ येऊन मिळत नाही. तो पहिल्या पायरीचा ओढा. असे दोन मिळाले की दुसऱ्या पायरीचा, दुसऱ्या पायरीचे दोन मिळाले की तिसऱ्या. कुठल्याही पाणलोटात एकूण लांबी मोजली तर निम्म्याहून जास्त भरते ती या टोकाच्या, बिननावाच्या ओहोळांची.

सगळ्यांत आधी हेच गेले. नदी बुजवायला कुणी धजत नाही, ओढा बुजवताना निदान चर्चा होते. ओहोळ मात्र कोरडा असताना नुसता घळीसारखा दिसतो. वर्षातले आठ महिने त्याच्यात पाणी नसतं, नाव नसतं, दोन्ही काठांना एकच मालक असतो. घळीत राडारोडा टाकायचा, वरून मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा. बारा फुटी रस्ता तयार. आमच्या भागातल्या बऱ्याच गल्ल्या अशा आहेत. त्या सरळ नाहीत, वळत वळत जातात आणि प्रत्येक वळणावर जरा उतरतात. जोराच्या पावसात गल्लीतून गुडघाभर पाणी वाहतं आणि लोक म्हणतात, गटार तुंबलं. गटार तुंबलेलं नसतं. पाणी आपल्या जुन्या वाटेनं चाललेलं असतं.

ओहोळ नुसता पाणी नेत नव्हता. त्याच्या तळाशी दगड होते, मुळं होती, वळणं होती. प्रत्येक वळणावर पाणी काठाला टेकून थोडं जमिनीत उतरायचं. त्याच ओहोळाचं पाणी काँक्रीटच्या पाइपातून न्यायचं म्हटलं की ते कितीतरी पट वेगानं जातं, आणि वाटेत कुणालाच काही देत नाही.

मोरी

रस्त्याखालच्या जुन्या दगडी मोऱ्या अजून काही ठिकाणी आहेत. ज्यांनी बांधल्या त्यांनी वरचं शिवार बघून तोंड किती रुंद ठेवायचं ते ठरवलं होतं. शिवाराचं शहर झालं. मोरी तेवढीच राहिली.

तळं

कात्रजला दोन तळी आहेत. एक वर भिलारेवाडीकडं, एक खाली, ज्याला लोक नानासाहेब पेशव्यांचं तळं म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेबांनी इथून शनिवारवाड्यापर्यंत नळ नेला. दगडचुन्याचा बांधीव बोगदा, आत माणूस चालू शकेल एवढा उंच, नुसत्या उतारावर चालणारा. मधे मधे हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास, आणि पेठांतून हौद. त्याच काळात आंबिल ओढाही वळवला गेला. आधी तो कसब्याच्या पश्चिमेनं वस्तीला लागून वाहायचा. पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा, यांच्या मधे जुनं पुणं. नानासाहेबांनी प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. त्या तळ्यातल्या बेटावर पुढं गणपती बसला. आज तिथं सारसबाग आहे. तळं बुजून गेलं तरी देवाचं नाव तळ्यातला गणपती असंच राहिलं.

ओढा वळवण्यात काही गैर होतं असं मला वाटत नाही. वळवणाऱ्यानं पाण्याला जागा दिली होती. एकीकडची वाट घेतली आणि दुसरीकडं अख्खं तळं ठेवलं. पावसाचा लोंढा आला तर पसरायला जागा, ओसरला तर बागांना पाणी. आम्ही वाटही घेतली आणि तळंही.

फडके हौद, साततोटी हौद हे शब्द आता रिक्षावाल्याला सांगायच्या कामाचे आहेत. उच्छ्वास काही ठिकाणी उभे आहेत. जवळून जाताना मी दगडाला हात लावतो.

विहीर

आमच्या विहिरीत तीन उमाळे होते. उन्हाळ्यात गाळ काढायला आजोबा आत उतरत तेव्हा मला वरून आरसा धरायला लावत. उन्हाचा कवडसा फिरवत फिरवत ते उमाळे शोधायचे. एक पूर्वेच्या चिरेतून, मनगटाएवढा, कधीच न आटणारा. एक पायाशी. तिसरा फक्त पावसाळ्यानंतर दोन महिने, कपारीतून ओघळ यावा तसा. आजोबा प्रत्येक उमाळ्यासमोर थांबून त्यात बोट घालत आणि वर ओरडून सांगत, "हाय!" मी वरून विचारायचो, "दुसरा?" "त्यो बी हाय!"

शेजारी बोअर झाली, 300 फुटांची. मग अजून चार. तिसरा उमाळा आधी गेला, मग पायाचा. पूर्वेचा होता तो ज्या वर्षी पलीकडच्या प्लॉटचं तळघर खणलं त्या वर्षी गेला. त्याची चीर बहुतेक तिकडंच उघडली. नंतर विहिरीत इमारतीचा राडारोडा टाकून वर स्लॅब ओढला. तिथं आता दोन गाड्या उभ्या राहतात.

काठ

ओढ्याला दोन काठ असत असं आपण म्हणतो. खरं तर चार असत. रोजच्या पाण्याचे दोन, आणि पुराच्या पाण्याचे दोन. मधल्या पट्ट्यात कुणी घर बांधायचं नाही. तिथं वांगी-मिरच्यांचे वाफे, धुणं वाळत घालायची बाभूळ, पोरांचं क्रिकेट, आणि दोन मोठाले उंबर. वर्षात एकदा-दोनदा ओढा त्या पट्ट्यावर यायचा, चिखलाचा एक पापुद्रा सोडून जायचा. त्या चिखलात पुढं मेथी छान यायची. पाटबंधारे खातं नद्यांसाठी नकाशावर निळी आणि लाल रेषा आखतं. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. आमच्या ओढ्याची रेषा त्या वांग्यांच्या वाफ्यांनी आखलेली होती.

काठ जायला पंधरा-वीस वर्षं लागली. आधी एक टपरी, मग पत्र्याच्या खोल्या, मग पक्क्या, मग सोसायट्या. खोल्यांत राहायला आलेल्या माणसांना दुसरीकडं जागा परवडत नव्हती, त्यांना मी कधीच दोष देणार नाही. शेवटी दोन्हीकडून उंच सीमाभिंती आल्या. भिंत बांधली की ओढा आवरल्यासारखा वाटतो. पण पसरायला जागा नसलेलं पाणी उंच होतं आणि वेगानं जातं, आणि जिथं भिंत संपते किंवा पडते तिथं सगळं एकदम बाहेर येतं.

25 सप्टेंबर 2019. हस्त लागायला दोन दिवस होते. संध्याकाळपासून कात्रजकडं कोसळत होता. डोंगर आधीच्या पावसानं भरलेला, तळं भरलेलं. रात्री दहा-अकराच्या सुमारास ओढा आला. कात्रज, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल, सगळ्या वाटेनं घरांत शिरला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव गेले. गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यालाच गेली. सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या आणि भिंतींवर डोक्याच्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती. पुण्याला पूर म्हटलं की 12 जुलै 1961 आठवतो, पानशेत. तो धरण फुटून आला होता. 2019ला धरण फुटलं नव्हतं. जो आम्ही लहानपणी उड्या मारत ओलांडायचो, त्या ओढ्यानं हे केलं.

जगभर ज्यांनी शहरी ओढ्यांचा अभ्यास केला त्यांना एक गोष्ट वारंवार दिसलेली आहे. पाणलोटाचा दहावा हिस्सा छपरांनी-रस्त्यांनी झाकला गेला की तिथूनच ओढ्याची तब्येत बिघडू लागते. सगळ्यांत जास्त फुगतात ते लहान, नेहमीचे पूर. शंभर वर्षांतून येणारा मोठा पूर तर भिजलेल्या रानातूनही येतोच. पण जो पाऊस पूर्वी ओढ्याला नुसता गढूळ करायचा, तो आता रस्ता बंद करतो. दरवर्षी, एकाच पावसाळ्यात चार-चार वेळा. त्याची बातमी होत नाही, लोक दुचाकी ढकलत घरी जातात.

मधला वेळ

पाऊस पडायचा आणि ओढा यायचा, यांच्या मधे वेळ असायचा. डोंगरावर काळं झालं की आजी म्हणायची, "पोरांनो, आता या अलीकडं. पानी निघालंय वरून." त्यानंतर आम्ही सावकाश खेळ आवरायचो, गुरं वळवायचो, चपला हातात घेऊन ओढा ओलांडायचो. पाणी नंतर यायचं. आधी वास, मग पुढं पालापाचोळ्याची फेसाळ कड, मग गढूळ पाणी, घोट्याएवढं, नडगीएवढं. आमच्याकडं बघत आल्यासारखं. पाऊस थांबल्यावर कितीतरी वेळानं ओढा सगळ्यात जास्त भरायचा, आणि उतरायला दोन दिवस घ्यायचा.

तेवढा वेळ पागोळ्यांनी, कुसळीनं, मुरमानं, तालींनी, ओहोळांच्या वळणांनी थोडा थोडा साठवलेला होता. 2019च्या रात्री ज्यांचं गेलं त्यांतल्या एका घरातला माणूस मला सांगत होता, "मोटार वर घ्यायला खाली आलो, चावी लावली, तेवढ्यात दार उघडेना."

खेकडे

पहिल्या पावसात काठाच्या बिळांतून निघायचे. पोरं कंदील घेऊन जायची. वाळू होती, डोह होते, कातळात रांजणखळगे होते. वाम मासे होते. काठाला लव्हाळं. यातलं आता काही नाही. पाण्याचा लोंढा वाळू धुऊन नेतो, उरतो नुसता कातळ आणि त्यावर काळा गाळ. गंमत म्हणून सांगत नाही, पण ओढा आता बारमाही झाला आहे. नकाशातली काळी रेघ निळी करावी लागेल. एप्रिलमध्येसुद्धा वाहतो. मुरमातलं पाणी संपलं, मैलापाणी आलं.

नाव

आजी ओढा म्हणायची. वडील ओढा म्हणायचे, पण तक्रारअर्जात नाला लिहायचे. माझी मुलगी नाला म्हणते. तिच्या मुलाच्या शाळेची बस जिथं थांबते त्या थांब्याला सगळे गटारापाशी म्हणतात. एकच पाणी. ओढ्यात पाय घालून बसता येतं. नाल्यावर पूल बांधायचा असतो. गटार झाकायचं असतं. ज्या नावानं हाक मारू तसं आपण त्याच्याशी वागतो, म्हणून मी नातवाला थांब्याचं नाव ओढ्यापाशी असं सांगतो. तो शाळेत तसंच म्हणतो. बसच्या मावशींना एकदा कळलं नव्हतं, आता कळतं.

तळघर

आमच्या समोरच्या इमारतीला दोन मजली तळघर आहे, गाड्यांसाठी. पावसाळ्यात तिथं पाणी येतं हे सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबरात मी पहाटे फिरायला निघालो तर तळघराच्या तोंडाशी निळा पाइप रस्त्यावर काढलेला आणि त्यातून पाणी चाललेलं. नितळ. रस्त्यावरून गटाराच्या जाळीपर्यंत गेलेलं, तिथून ओढ्यात.

वॉचमन ओळखीचा आहे, धाराशिवकडचा. म्हणाला, "काका, दिवसातून चारदा पंप लावावा लागतो. बंद ठेवला की सकाळी टायर बुडतात. कुठून येतंय कुणाला कळंना. प्लंबर दोनदा येऊन गेला, लाइन कुठंच फुटलेली नाही म्हणतो."

मी पाइपाखाली हात धरला. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि पाणी कोमट होतं. थंडीत विहिरीचं पाणी पहाटे लागायचं तसं. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. त्याला वाटलं मला हात धुवायचे आहेत, त्यानं साबण आणून दिला.

मग तो मला खाली घेऊन गेला. तळघराच्या खालच्या मजल्यावर, कोपऱ्यात, गिलावा नसलेल्या भिंतीत कातळ तसाच उघडा ठेवलेला आहे. खाली काळा घट्ट दगड, त्याच्यावर हातभर जाळीदार, आणि त्यांच्या सांध्यातून पाणी येत होतं. धार नव्हती. भिंत आडव्या रेघेत ओली होती आणि रेघेच्या खाली शेवाळं धरलं होतं, दिव्याच्या उजेडात हिरवंगार. भिंतीच्या पायाशी पाणी गोळा व्हायला त्यानं विटांचं एक छोटं टाकं केलं होतं. मोबाइलची बॅटरी लावून मी वाकलो. तळाशी दोन-तीन वाळूचे कण हलत होते.

"प्यायला चांगलं आहे का हो, काका?" त्यानं विचारलं. "आमची बाई म्हणते भाजी लवकर शिजती."

मार्चमध्ये पुन्हा गेलो. पंप आता दिवसातून दोनदा लागत होता. उतारावरून आत शिरताना गुणगुण ऐकू आली. कोपऱ्यातल्या ओल्या रेघेवर मधमाश्या बसलेल्या होत्या, पन्नास-साठ तरी, पाणी पीत. वॉचमननं तिथं गाडी लावू दिली नव्हती.